मामांचा धोंडजी

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांशी ज्यांचे संबंध अधिक जिव्हाळ्याचे आहेत, असे माझ्या माहितीत एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझ्या बायकोचे सख्खे मामा आहेत. जिवंतांपैकी फारच थोड्यांना ते आपण होऊन फोन करतात, आणि केला तरी विचारतात काय, तर "तुमच्या आजोबांना जाऊन नक्की किती वर्षं झाली?" मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी वाद घालण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय नाही. म्हणून सांगतो, मामांच्या वंशावळीची लांबी अकरा फूट चार इंच होती. मी स्वतः टेप लावून मोजली आहे. तीत दोनशे सदतीस माणसं होती. त्यांपैकी एकशे साठ वारलेली, आणि मामांच्या मते तीच जास्त समजूतदार.

ही वंशावळ जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू एकमेकींना चिकटवून केलेली होती. प्रत्येक माणसासाठी एक वर्तुळ, आणि ते वर्तुळ मामींच्या आमटीच्या वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं. वाटी बदललेली मामांना चालत नसे. "खापरपणजोबा मोठे आणि आपण लहान असं नको," ते म्हणत, "सगळे एकाच वाटीचे." घरातल्या लेकीसुनांनाही वर्तुळं होती, जावयांना मात्र चौकोन. मी डावीकडून चौथ्या चौकोनात आहे. माझ्या नावापुढे जन्मतारीख, मग एक रेघ, आणि पुढे मोकळी जागा आहे. ही जागा कशाची म्हणून मी एकदा विचारलं, तर मामा अगदी सहज म्हणाले, "ती लागेल ना पुढे. काळजी करू नका जावईबापू, ऐसपैस ठेवली आहे."

गुंडाळलेली वंशावळ ते चार इंची प्लास्टिकच्या पाइपात ठेवतात. दोन्ही तोंडांना टोपणं. स्कूटरवर तो पाइप पायांपाशी आडवा ठेवून मामा निघाले की समोरून येणारे लोक नळ दुरुस्तीवाला समजून त्यांना थांबवतात. एकदा एका सरकारी कचेरीच्या दारावर पहारेकऱ्याने विचारलं, "काय आहे यात?" मामा म्हणाले, "माझे सात पिढ्यांचे वाडवडील." पहारेकरी म्हणाला, "त्यांना बाहेर ठेवा. आत एकाच माणसाला सोडतो." मामांनी वाडवडिलांना चहाच्या टपरीवर ठेवलं आणि टपरीवाल्याला बजावलं, "यांना ऊन लागू देऊ नका."

लग्नात मामा नवरानवरीकडे बघतसुद्धा नाहीत. पंगतीत एखादी सुरकुतलेली म्हातारी हेरून तिच्या शेजारी बसतात, आणि ती जिलबीला हात घालणार तेवढ्यात विचारतात, "आजी, तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं?" सहासष्टाव्या वर्षी ते मोडी शिकले. हात बसावा म्हणून किराण्याची यादीही मोडीत लिहू लागले. मामींनी चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी यादी परत देत म्हणाल्या, "हे तुमच्या पणजोबांना पाठवा दुकानात. मला साबुदाणा कळत नाहीये यातला."

या सगळ्याचं मूळ एका वाक्यात आहे. मामांच्या घराण्याचा पूर्वी गंगापूर रोडला भाजीचा आणि फुलांचा मळा होता. आज तिथे इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एकीत मामांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. माझा फ्लॅट त्यांच्यापासून तीन इमारती सोडून. माझी गाडी लावायची जागा बघून मामा पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "तुम्ही माझ्या पणजोबांच्या वांग्यांवर गाडी लावताय." तर त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य चालत आलं होतं. इथे सगळ्या बोरीबाभळी होत्या, घोटीकडच्या डोंगरातून धोंडजी नावाचा माणूस बायको, एक बैलजोडी आणि एक कुदळ घेऊन आला, त्याने रान तोडलं, पहिली विहीर खणली आणि पहिला नांगर धरला. धोंडजी म्हणजे मामांचे खापरपणजोबा. मामांना या वाक्याच्या आधीचं वाक्य हवं होतं. धोंडजी कुणाचा कोण, त्याच्या बापाचं नाव काय, भरलं गाव सोडून तो या काट्यांत का आला? "माणूस कुठे पोचला ते सगळ्यांना दिसतं," मामा म्हणत. "पाठवणाऱ्याचं नाव पाकिटाच्या मागे असतं. ते कुणी बघत नाही."

पाकिटाची भाषा त्यांना शोभते. मामा एकतीस वर्षं पोस्टमन होते, आणि एकतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव अभिमान आहे. एका इमारतीत एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोन बायका होत्या. पत्रावर घराचा नंबर नव्हता. मामा भर दुपारी तीन वेळा चार मजले चढले, दोघींना त्यांच्या भावांची नावं विचारली, मगच पत्र दिलं. "नाव सारखं म्हणून टपाल टाकायचं नसतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान चाळीसदा ऐकलं असेल.

सात वर्षांपूर्वी मामांना पाकिटाची मागची बाजू सापडली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. बाहेरगावचा माणूस अस्थी घेऊन रामकुंडावर आला की त्याचं गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, नातवंडं त्या वहीत उतरतात, आणि पुढे त्याचे वंशज आले की त्याच पानाखाली भर पडते. मामा अशा वह्या दोन वर्षं चाळत होते. एका उपाध्यायांकडे घोटीजवळच्या एका गावाच्या पानावर त्यांना तेच आडनाव दिसलं. खाली मोडीत लिहिलेलं, धोंडजी बिन राघोजी. म्हणजे राघोजीचा मुलगा धोंडजी. या धोंडजीच्या अस्थी घेऊन त्याचा मुलगा लक्ष्मण आला होता, आणि मामांच्या पणजोबांचं नावही लक्ष्मण. गाव जुळलं, आडनाव जुळलं, धोंडजी जुळला, लक्ष्मण जुळला. उपाध्याय म्हणाले होते, "आणखी एखादी खूण मिळते का बघा, ही नावं घरोघर असायची." पण मामा तोवर पायऱ्या उतरून पेढे आणायला गेले होते.

त्या पानावरून धोंडजीच्या वर आणखी तीन पिढ्या मिळाल्या. बायकांची नावं धरून एकोणतीस माणसं. मामींची वाटी आठवडाभर आमटीला मिळाली नाही. पुढे दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला मामा या सगळ्यांच्या नावाने पान वाढू लागले, आणि त्यांच्याबद्दल असे बोलू लागले की नवख्या माणसाला वाटावं ते शेजारच्या खोलीत झोपले आहेत. "राघोजी तापट. धोंडजी हट्टी, पण मनाचा मोठा." हे वहीत कुठे लिहिलंय असं मी विचारलं, तर म्हणाले, "तापट बापाशिवाय हट्टी मुलगा गाव सोडतो का?"

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चारच दिवसांनी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मामांचा फोन आला. "जावईबापू, धोंडजी सापडला! आहात तसे या."

मी आहे तसा गेलो. समोरची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं काम चालू होतं. पायाच्या खड्ड्यात बुजलेली विहीर लागली होती आणि खोदणाऱ्या यंत्राने तिच्या काठाचा एक हातभर दगड वर काढला होता. मामांनी तो धुऊन, वर शेवंतीचा हार घालून, मुकादमाच्या खुर्चीवर बसवला होता. मुकादम उभा होता. दगडावर ठसठशीत अक्षरं होती, धोंडजी बिन, आणि पुढे काही नाही. यंत्राचा दात नेमका तिथे लागला होता. तुटलेली कड ताजी आणि पांढरी होती. खाली शके आणि साल मात्र शाबूत.

"बापाचं नाव गेलं," मुकादम ओशाळून म्हणाला. "काका, वरनं दिसलंच नाही हो."

"जाऊ द्या," मामा म्हणाले. "बापाचं नाव माझ्याकडे आहे. राघोजी."

मला मात्र आकडे दिसले की त्यांची वजाबाकी झाल्याशिवाय ते डोक्यातून जात नाहीत. दगडावरचं साल विहिरीचं. वहीतलं साल, मला पाठ होतं, धोंडजीच्या अस्थी रामकुंडात सोडल्याचं. दोन्ही शके. मी उभ्या उभ्या तीनदा वजा करून पाहिलं. उत्तर तेच आलं. धोंडजीने ही विहीर स्वतःच्या अस्थी विसर्जित झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी खणली होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मामांनी सगळ्या घराण्याचा मेळावा ठरवला होता. वंशावळ मोठी करून छापायला जाणार होती. पुण्यामुंबईहून लोक येणार होते. तीन दिवस मी गप्प बसलो. बायको म्हणाली, "सांगू नका. सत्तरी उलटलीय मामाची. एकोणीस वर्षांनी काय होतंय?" मी म्हणालो, "आमच्याकडे एकोणीस शतांश चुकले तरी माल परत येतो." ती म्हणाली, "मामा माल नाही." तिचं खरं होतं. पण छापलेली चूक पुढच्या पिढ्या खरी धरतात हेही खरं होतं, आणि हे मला मामांनीच शिकवलेलं होतं. चौथ्या दिवशी मी जाऊन सांगितलं.

मामांनी चष्मा लावला. पेन्सिलीने दोन्ही सालं एकाखाली एक लिहून स्वतः वजाबाकी केली. मग खालून वर बेरीज करून ताळा घेतला. मग पेन्सिल कानावर ठेवली. मला पळ काढावासा वाटत होता.

"म्हणजे सहा वर्षं," शेवटी ते म्हणाले, "मी दुसऱ्याच्याच पितरांना जेवू घालतोय."

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "तरीच! कावळा अर्धा अर्धा तास शिवायचा नाही."

मी घाईघाईने मार्ग काढायला लागलो. नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तर विहीर खणणारा धोंडजी हा वहीतल्या धोंडजीचा नातू असेल, मग राघोजी एक पायरी वर सरकेल, इतकंच. मामांनी मान हलवली. "वहीत तिघंच नातू आहेत. गणू, तुका आणि बाळा. माझे आजोबाही त्यांत नाहीत, ते नंतर जन्मले असं मी धरून चाललो होतो. धोंडजी नाही." मग म्हणाले, "आणि असता तरी, नाव सारखं म्हणून टपाल टाकायचं नसतं. मी टाकलं. एकतीस वर्षांत नाही ते नोकरी संपल्यावर केलं."

असं म्हणून ते उठले, पाइपातून वंशावळ काढली, फरशीवर पसरली, मामींची शिवणाची कात्री घेतली आणि धोंडजीच्या वरच्या रेघेवर सरळ चालवली. राघोजी आणि त्याच्या वरची सगळी मंडळी सुटी झाली. खाली राहिलेला भाग मी मोजला. आठ फूट अकरा इंच.

"उद्या रविवार आहे. घोटीला याल का?" मामांनी विचारलं. "चुकून आलेलं टपाल घरात ठेवणं हा गुन्हा आहे."

घोटीच्या पुढे त्या गावी आम्ही पोचलो तेव्हा भात पोटरीला आला होता आणि बांधांवर पाय घसरत होता. त्या आडनावाची तीन घरं होती. पहिल्या घराच्या ओट्यावर एक ऐंशीच्या घरातल्या आजी लसूण सोलत होत्या आणि त्यांचा मुलगा फोनवर बोलत होता. मामांनी नमस्कार करून पाइपाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "तुमच्या वंशावळीसंबंधी आलोय."

मुलाने फोन बंद केला. दोनच मिनिटांत उरलेल्या दोन घरांतून चार पुरुष येऊन आमच्या भोवती उभे राहिले.

"जमिनीचं काय असंल तर आत्ताच सांगतो," मुलगा म्हणाला, "इथं कोणाचा हिस्सा बाकी नाय. वारस लावायला आले आसाल तर आल्या वाटंनं जा."

"वारस लावायला नाही हो," मामा म्हणाले, "वाडवडील परत द्यायला आलोय."

हे वाक्य कुणालाच कळलं नाही. मी सगळं सुरुवातीपासून सांगितलं, आकड्यांसकट. पुरुषांचे चेहरे तसेच राहिले. आजींनी मात्र लसणाची सुपली बाजूला सारली.

"आजी," मामा म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांचं नाव काय?"

"गणू," आजी म्हणाल्या. "तिघं भाव व्हते ते. गणू, तुका आन् बाळा. बाळा लहानपनीच गेला."

सहा वर्षं जपलेलं आपलं माणूस समोरून दुसऱ्याच्या घरात शिरताना बघावं तसा मामांचा चेहरा झाला. मग तो चेहरा हळूहळू पोस्टमनचा झाला. "पत्ता बरोबर आहे," ते मला म्हणाले.

त्यांनी ती कापलेली पट्टी ओट्यावर उलगडली आणि एकेका वर्तुळावर बोट ठेवून वाचून दाखवली. बायकांची नावं आली तेव्हा आजी पुढे वाकल्या. सासरच्या सात बायकांची नावं त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकली होती. त्यांनी ती दोनदा म्हणवून घेतली.

"आन् तुमी यांना जेवाया घालत व्हते?"

"सहा वर्षं. माफ करा. मला माहीत नव्हतं."

"खीर कशाची? तांदळाची ना?"

"तांदळाची. वडे, कढी, भोपळ्याची भाजी."

आजींनी मुलाकडे आणि बाकीच्या चौघांकडे बघितलं. "या भावाभावांचं फाटलं तवापासनं आमच्यात पान वाढलंच नाय कोणी. हा म्हनतो तो वाढील, तो म्हनतो हा वाढील. मला वाटायचं, म्हातारे उपाशीच गेले." आणि मग मामांना, "लय बरं केलं बाबा."

मुलगा आत जाऊन चहाचं सांगून आला. मामांनी खिशातून एक वही काढली, तीत तारीख आणि 'माणसे एकोणतीस' असं लिहिलं आणि आजींच्या पुढे धरली. "इथे सही करा. पोचल्याची."

आजींनी अंगठा दिला. निघताना त्यांनी पिशवीभर तांदूळ दिले आणि म्हणाल्या, "तुमचा धोंडजी सापडला का कळवा."

त्या अमावास्येला मामांनी एकच पान वाढलं, विहिरीच्या धोंडजीचं. बाकीच्यांची सोय झाली होती. खीर आजींच्या तांदळाची होती. कावळा किती वेळात शिवला ते मी घड्याळात बघितलं होतं, पण मामींनी मला ते कुणाला सांगू दिलं नाही.

मेळावा झाला. वंशावळ आठ फूट अकरा इंचांचीच छापली गेली. धोंडजीच्या वर मामांनी वाटी ठेवून एक वर्तुळ काढून घेतलं होतं आणि ते कोरं सोडलं होतं. एका पुतणीने विचारलं, "काका, हे कोण?" मामा म्हणाले, "हे यायचे आहेत." मग शंभरएक माणसांसमोर उभं राहून त्यांनी आपली चूक स्वतः सांगितली, वजाबाकीसकट. वजाबाकी कुणाची हे सांगताना माझ्याकडे बोट केलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मामा हसले नाहीत. त्यांचं लक्ष त्या कोऱ्या वर्तुळाकडे होतं.

खड्ड्यातली माती कुठे नेली हे मी त्या मुकादमाकडून काढून घेतलं आहे. त्रेचाळीस डंपर मखमलाबादच्या अंगाला एका सखल जागेत टाकले. दगडाचा तुटका तुकडा, मी कड मोजून काढलं आहे, साधारण तळहाताएवढा असणार. दर रविवारी सकाळी मी आणि मामा तिथे जातो. मामांकडे मामींचं बागेतलं खुरपं असतं. माझ्याकडे घमेलं. हाताला लागलेला प्रत्येक दगड मामा पाण्याने धुतात, उलटासुलटा करून बघतात आणि पुन्हा खाली ठेवतात, फेकत नाहीत. एका डंपरमध्ये माती किती, तीत तेवढ्या मापाचे दगड किती, आठवड्याला आमच्या हाताखालून जातात किती, हे सगळं मी एका कागदावर मांडलं आहे. उत्तरही आलं आहे. तो कागद मी कुणाला दाखवलेला नाही.

परवाच्या रविवारी मामा कंबरेवर हात ठेवून सरळ झाले, सगळ्या ढिगाऱ्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचा हिशेब काय म्हणतो? सापडेल?"

मी घमेलं उचललं आणि म्हणालो, "त्या पलीकडच्या कोपऱ्यात आपण अजून बघितलेलं नाही."